ऋतूची कागदी माळ घरी करताना: कार्डशीटच्या पताका, पतंगी कागदाची जाळी की चुण्यांचे पंखे?

ऋतू बदलला की घरात त्याची एखादी खूण असावी, म्हणून कागदी पताकांची माळ करायचं मनात येतं. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो तो चित्राचा: पानं काढू की फुलं, ढग की हिमकण? माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी यायला हवा. आधी दोन गोष्टी ठरवाव्यात. माळ नेमकी कुठे लागणार, आणि तिथे किती दिवस राहणार. खिडकीत जो कागद खुलून दिसतो तोच भिंतीवर मरगळलेला वाटतो, आणि दोन दिवसांच्या कार्यक्रमाला जे चालतं ते तीन महिने टिकत नाही. जागा आणि मुदत पक्की झाली की कागद ठरतो, कागदावरून आकार ठरतो, आणि चित्र त्या आकारात बसवायचं असतं.

खाली मुख्यतः तीन प्रकार समोरासमोर ठेवले आहेत. सगळीकडे तीन मीटरची माळ धरली आहे, म्हणजे आकडे एकाच मापाने बघता येतील. तुमची भिंत लहानमोठी असेल तर त्या प्रमाणात कमीजास्त करा.

आधी जागा बघा

भिंतीला टेकून राहणारी माळ एकाच बाजूने दिसते. तिला मागची बाजू कशीही असली तरी चालते. जाड, अपारदर्शक, ठळक रंगाचा कागद इथे उत्तम. भिंतीचा रंग मात्र विसरू नका. फिकट भिंतीवर फिकट पिवळ्या पताका चार पावलांवरून दिसेनाशा होतात.

खिडकीसमोरची गोष्ट उलटी आहे. दिवसा उजेड मागून येतो, त्यामुळे खोलीतून बघणाऱ्याला जाड कागदाची फक्त काळपट आकृती दिसते. तुम्ही निवडलेला सुंदर केशरी रंग दिवसभर कुणालाच दिसत नाही, तो दिसतो रात्री दिवे लागल्यावर. खिडकीला पातळ कागदच हवा, ज्यातून उजेड झिरपतो आणि रंग स्वतः उजळून निघतो.

खोलीच्या मधोमध, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत आडवी जाणारी माळ दोन्हीकडून दिसते आणि पंख्याच्या वाऱ्याने सतत गिरक्या घेते. तिथे दोन्ही बाजू सारख्या असलेला कागद लागतो. एका बाजूला रंगीत चकाकी आणि दुसऱ्या बाजूला पांढरा असा घोटीव कागद तिथे वापरला, तर निम्मा वेळ पांढरी पाठच दिसत राहते.

उघड्यावर, पावसाच्या माऱ्यात कागदी माळ लावू नये, एवढंच त्याबद्दल सांगता येईल. छताखालच्या व्हरांड्यात चालते.

कागदाचं वजन कसं वाचायचं

कागदाच्या गठ्ठ्यावर ‘जीएसएम’ म्हणून जो आकडा असतो, तो एका चौरस मीटर कागदाचं वजन ग्रॅममध्ये सांगतो. ए-० आकाराचा ताव एक चौरस मीटरचा असतो. तो चार वेळा निम्मा केला की ए-४ मिळतो, म्हणजे ए-४ हा चौरस मीटरचा सोळावा हिस्सा. त्यामुळे हिशेब सोपा होतो: ८० जीएसएमचा ए-४ ताव ५ ग्रॅमचा, १६० चा १० ग्रॅमचा. झेरॉक्सचा नेहमीचा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो, कार्डशीट साधारण १६० पासून ३०० पर्यंत मिळतं, आणि पतंगी किंवा टिश्यू कागद २० च्या आसपास, म्हणजे हातात घेतला तरी जाणवू नये इतका हलका.

हे वजन कळलं की माळ किती झुकेल, दोरा किती जाड हवा आणि भिंतीवरची टेप तग धरेल की नाही, सगळ्याचा अंदाज येतो. तीन मीटरसाठी माझा हिशेब असा:

| प्रकार | कागद | किती नग | ए-४ चे ताव | माळेचं वजन |
|---|---|---|---|---|
| त्रिकोणी पताका | १८० जीएसएम कार्डशीट | १६ | ६ | सुमारे ४५ ग्रॅम |
| कापीव जाळी | २० जीएसएम पतंगी कागद | १० | १० | १० ते १२ ग्रॅम |
| चुण्यांचे अर्धे पंखे | ८० जीएसएम साधा रंगीत कागद | १६ | ६ | सुमारे २७ ग्रॅम |
| चुण्यांची पूर्ण फुलं | ८० जीएसएम साधा रंगीत कागद | १६ | ११ | सुमारे ५५ ग्रॅम |

शेवटच्या ओळीकडे नीट बघा. पातळ कागदाची पूर्ण फुलं जाड कार्डशीटच्या पताकांपेक्षा जड होतात, कारण चुण्यांमध्ये कागद दडलेला असतो. नुसता हाताला पातळ लागला म्हणून माळ हलकी होईल असं धरून चालू नका.

कार्डशीटच्या त्रिकोणी पताका

पहिल्यांदाच करत असाल, माळ महिना-दोन महिने ठेवायची असेल आणि ती भिंतीवर किंवा खोलीत आडवी लागणार असेल, तर माझा कौल पताकांना. कापायला सरळ रेघा, चुकली तर एकच पताका बदलायची, आणि पुढच्या वर्षी तीच माळ पुन्हा काढता येते.

ए-४ ताव २१ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ लांब असतो. तो आडवा धरा. १४ सेंटिमीटर रुंद आणि १७ उंच असे तीन त्रिकोण त्यात बसतात, वर दोन आणि त्यांच्या मधल्या खाचेत एक उलटा. प्रत्येकाच्या रुंद बाजूला दोन सेंटिमीटरची पट्टी मुडपण्यासाठी सुटते, कारण १७ अधिक वरची दोन आणि खालची दोन मिळून बरोबर २१. कडेला पावणेदोन सेंटिमीटरची चिंधी आणि दोन्ही बाजूंना अर्ध्या त्रिकोणाएवढे तुकडे उरतात, ते चित्रांना कामी येतात. आधी जाड पुठ्ठ्याचा एक साचा कापून घ्या आणि सगळ्या पताका त्यावरून आखा. पट्टीने प्रत्येक वेळी मापं घेत बसलं की सोळाव्या पताकेपर्यंत आकार थोडा थोडा सरकत जातो.

आता तंतूंबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण पताका नीट लोंबतात की गुंडाळतात हे त्यावर ठरतं. यंत्रावर तयार होणाऱ्या कागदात तंतू बहुतांशी एकाच दिशेला पडतात. हवेतला दमटपणा शोषला की तंतू लांबीपेक्षा जाडीत जास्त फुगतात, म्हणून कागद तंतूंच्या आडव्या दिशेला पसरतो आणि वळला तर तंतूंना समांतर असा नळीसारखा वळतो. तंतूंची दिशा ओळखायची युक्ती सोपी आहे. ताव न मोडता हलकेच वाकवून समोरासमोरच्या दोन कडा जवळ आणा. मग दुसऱ्या दोन कडा. ज्या वेळी कागद कमी विरोध करेल, त्या वेळच्या बाकाच्या रेषेला समांतर तंतू आहेत.

तंतू पताकेत आडवे असले, तर वरची मुडप सुरेख, धारदार पडते, पण दमट हवेत टोक पुढे उचललं जातं. तंतू उभे असले, तर टोक सरळ राहतं, बाजू किंचित आत वळतात आणि मुडपेची घडी मात्र खरबरीत, फाटल्यासारखी होते. मी उभे तंतू पसंत करतो. टोक उचललेली पताका लांबून लगेच नजरेत भरते. घडीचा इलाज हाताशी आहे: पट्टी ठेवून, शाई संपलेल्या बॉलपेनने घडीच्या जागी एकदा दाबून रेघ ओढा, मग मुडपा. अशी रेघ दिलेलं जाड कार्डशीटही कडा न फुटता दुमडतं. तुमचे ताव आखणीला अडचणीच्या दिशेचे निघाले, तर एका तावात दोनच पताका उभ्या बसवाव्या लागतील. दोन-चार ताव जास्त जातात, पण लांब टिकणाऱ्या माळेसाठी ते परवडतं.

दोन्हीकडून दिसणारी माळ हवी असेल तर त्रिकोणाऐवजी चौकट, म्हणजे पत्त्यातल्या चौकटसारखा आकार कापा आणि तो मधोमध दोऱ्यावर दुमडून आतून चिकटवा. कागद दुप्पट लागतो आणि माळ दुप्पट जड होते, पण पताका सपाट राहतात. एकाच कागदाचे दोन थर विरुद्ध बाजूंनी चिकटल्यावर एकमेकांचं वळणं अडवतात.

कापण्याचा कंटाळा असेल तर त्रिकोण सोडून द्या. ए-४ चार समान भागांत कापला की १०.५ बाय १४.८ चे चार आयत मिळतात, काहीही वाया जात नाही. खालच्या कडेला मधोमध एक तिरकी खाच दिली की दोन टोकांची, ध्वजासारखी पताका तयार. लहान मुलांबरोबर करताना मी हाच आकार सुचवेन.

पतंगी कागदाची कापीव जाळी

खिडकीसाठी याला तोड नाही. उजेड कागदातून गाळून येतो, कापलेल्या भोकांतून थेट येतो, आणि ऊन सरकेल तशी जमिनीवरची नक्षीही सरकत जाते. हलक्या वाऱ्यालाही ही माळ हलते. पताकांच्या माळेत हा जिवंतपणा नसतो.

त्याबदल्यात ती नाजूक आहे हे मान्य करूनच हात घालावा. पाण्याचा थेंब पडला तर बऱ्याच टिश्यू कागदांचा रंग उतरतो आणि शेजारच्या भिंतीला लागतो. ओल्या हातांनी काम करू नका, आणि दव धरणाऱ्या थंड काचेला कागद टेकू देऊ नका. एका हंगामापेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नये. जपून ठेवली तर पुढच्या वर्षी निघते, पण भडक उन्हातली माळ तोवर फिकी पडलेली असते. झगझगीत फ्लोरोसंट रंग सर्वांत आधी उडतात.

कापण्याच्या दोन रीती आहेत. घडी घालून कात्रीने कापलं तर नक्षी दोन्हीकडे सारखी येते, साचा लागत नाही, आणि उलगडताना काय निघेल याची उत्सुकता असते. मात्र चित्र तुमच्या पूर्ण ताब्यात राहत नाही. दुसरी रीत म्हणजे आठ-दहा कागद एकावर एक ठेवून, कडांना स्टेपल मारून, वर आखलेला कागद ठेवून कटरने कापणं. दहाही तुकडे एकसारखे निघतात, पक्षी किंवा झाड असं स्पष्ट चित्र जमतं. पण खाली कापायची चटई हवी, नवं पातं हवं आणि हाताला सवय हवी. लहान मुलं आसपास असतील तर पहिलीच रीत बरी.

दोन्हीत काही नियम सारखे आहेत. दोन भोकांच्या मध्ये किमान पाच मिलिमीटरचा कागद ठेवा, तोच सगळी जाळी धरून ठेवतो. वरची तीन सेंटिमीटरची पट्टी अजिबात कापू नका, तिथे दोरा घालून मुडपायचं आहे. आणि कापण्याचा क्रम आतून बाहेर असू द्या: आधी बारीक भोकं, मग मोठी, सर्वांत शेवटी बाहेरची कड. मोठा भाग आधी काढून टाकला की उरलेला कागद लुळा पडतो, मग बारीक काम करताना तो पात्याबरोबर ओढला जातो आणि फाटतो. घड्यांच्या रेघा नको असतील तर उलगडल्यावर साध्या कागदाखाली ठेवून, वाफ बंद करून, अगदी कोमट इस्त्री फिरवा.

हिवाळ्यासाठी हिमकण करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. खऱ्या हिमकणाला सहा भुजा असतात. कागद निम्मा निम्मा दुमडत गेलं की आठ येतात. सहा हव्या असतील तर गोल कागद एकदा निम्मा करा आणि त्या अर्ध्या गोलाचे साठ-साठ अंशांचे तीन समान भाग दुमडा. त्या शंकूवर कापलेलं काहीही सहा वेळा उमटेल.

चुण्यांचे पंखे आणि फुलं

ज्यांना चित्र काढता येत नाही असं वाटतं, त्यांच्यासाठी हा प्रकार आहे. इथे नक्षी लागतच नाही. उंचसखल चुण्यांवर पडणारा उजेड आणि सावली हेच त्याचं सौंदर्य. म्हणून एकरंगी कागदही भरगच्च दिसतो, आणि साध्या पांढऱ्या भिंतीवर पांढरे पंखेसुद्धा उठून दिसतात. पताकांना ते जमत नाही.

गोल फूल करताना माणसं अडतात ती पट्टीच्या लांबीवर. सात सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीचं फूल साधारण चौदा सेंटिमीटर व्यासाचं होतं, आणि त्याचा परीघ ४४ सेंटिमीटर. पट्टी तेवढीच लांब घेतली तर चुण्या पूर्ण ताणल्या जाऊन सपाट तबकडी झाली असती, म्हणून ती त्याहून बरीच जास्त हवी. ए-४ च्या २९.७ च्या दोन पट्ट्या जोडल्या की ५९ सेंटिमीटर मिळतात आणि चुण्या छान उभ्या राहतात. ए-४ च्या रुंदीत अशा तीन पट्ट्या बसतात, म्हणून दोन तावांत तीन फुलं.

पूर्ण फूल मधून उसळून उघडतं, त्याला मागेपुढे पुठ्ठ्याची चकती चिकटवून गोंद वाळेपर्यंत दाबून धरावं लागतं. अर्धा पंखा या कटकटीतून सुटतो. अर्ध्या गोलाला २२ सेंटिमीटरचा परीघ पुरतो, तेवढं एकाच पट्टीत भागतं. चुण्या घालून एका टोकाला स्टेपल मारा, पंखा उघडून पसरवा, सरळ बाजू वर करून दोऱ्याला चिकटवा. निम्मा कागद, निम्मं वजन आणि माळेत ओळीने लावल्यावर खालची महिरपीसारखी कड. पूर्ण फुलं भिंतीवर सुटी लावायला चांगली, माळेसाठी अर्धे पंखे. हे माझं ठाम मत आहे.

चुण्या सारख्या यायला पट्टी-पेन्सिल लागत नाही. पट्टी चार वेळा निम्मी दुमडा, सोळा समान भाग पडतात, प्रत्येकी पावणेदोन सेंटिमीटरहून किंचित मोठा. मग उलगडून एकाआड एक घड्या उलट्या फिरवा. बारीक चुण्या हव्या असतील तर पाचव्यांदा दुमडा, बत्तीस होतात. कार्डशीटच्या नादी इथे लागू नका. ते दुमडताना कडा फोडतं आणि स्टेपलच्या जागी इतकं फुगतं की पिनच आत जात नाही.

टिकाऊपणात पंखे मधले आहेत. दमट हवेत चुण्या ढिल्या पडतात, आणि खोलगट घड्यांत धूळ बसते ती झटकता येत नाही. महिनाभर लावायला उत्तम, वर्षभर नको.

अक्षरांची माळ

माळेवर ‘वसंत’ किंवा ‘पावसाळा’ असं लिहायचं असेल तर त्रिकोण टाळा, तो खाली निमुळता होतो आणि उकार बसत नाहीत. वर सांगितलेला आयत घ्या. एका पताकेवर एक पूर्ण अक्षर, मात्रा-वेलांटीसकट: पा, व, सा, ळा. काना सुटा करून वेगळ्या पताकेवर लावला की वाचणारा अडखळतो.

देवनागरीला वर मात्रेसाठी आणि खाली उकारासाठी जागा लागते. १४.८ च्या आयतात दोन सेंटिमीटर मुडपीत गेले की १२.८ उरतात. त्यात वर अडीच सेंटिमीटर मोकळे, मग शिरोरेघ, तिच्याखाली सहा सेंटिमीटरचं अक्षर आणि खाली दोन-अडीच सेंटिमीटर उकारासाठी. शिरोरेघ प्रत्येक पताकेवर मुडपीपासून तितक्याच अंतरावर आली पाहिजे, अगदी मिलिमीटर जुळवून. मग माळ टांगल्यावर ती रेघ दोऱ्याबरोबर वळत जाते आणि सुट्या पताकांवरची अक्षरंही एक शब्द म्हणून वाचली जातात. हे जुळलं की हाताने कापलेली ओबडधोबड अक्षरंसुद्धा छान दिसतात.

अक्षरं जलरंगाने रंगवू नका. एकाच बाजूने ओला झालेला कागद वाळताना वळतो. गडद कागदाची अक्षरं कापून चिकटवा किंवा जाड मार्करने भरा.

साखळी आणि क्रेप कागदाच्या झालरी यांचा उल्लेख फक्त तुलनेपुरता. तीन सेंटिमीटर रुंद आणि २१ लांब पट्ट्यांच्या साखळीला तीन मीटरला सुमारे पन्नास कड्या लागतात, सहा ताव पुरतात आणि चार वर्षांचं मूलही ती करू शकतं. क्रेपला सुरकुत्या असतात आणि तो त्या सुरकुत्यांच्या आडव्या दिशेला ताणतो. म्हणून झालर सुरकुत्यांच्या रेषेतच कापावी, नाहीतर पट्ट्या स्वतःच्या वजनाने लांबत जातात. दोन्ही प्रकार एका दिवसाच्या सजावटीला चांगले.

दोरा, जोड आणि झोळ

सुतळीला केसाळपणा असतो, त्यामुळे गोंद तिला धरतो आणि पताका जागच्या जागी राहतात. कार्डशीटला ती शोभतेही. पतंगी कागदाला मात्र ती फार जड आणि राकट, तिथे साधा सुती दोरा. नायलॉनचा दोरा मजबूत खरा, पण गुळगुळीत असल्याने गाठ सरकते आणि पताकाही सरकतात.

जोडण्याच्या पद्धतीत झटपट म्हणजे स्टेपलर. त्याच्या पिना दिसतात, दमट जागी गंजतात. पातळ पांढरा गोंद पक्का बसतो, पण त्यात पाणी असल्याने पातळ कागद सुरकुततो. पतंगी कागदाला गोंदाची कांडीच वापरा. पंचिंग मशीनने भोकं पाडून दोरा ओवला तर पताका हव्या तशा सरकवता येतात, आणि त्याच कारणाने झोळाच्या मध्याकडे घसरून एकत्र गोळाही होतात. भोकात दोऱ्याला एक वेढा दिला तर हा त्रास थांबतो.

शिलाई मशीन असेल तर कार्डशीटला त्याच्यासारखं काही नाही. मुडपही लागत नाही. पताका एकामागून एक सुईखाली सरकवत जायचं, मध्ये चार सेंटिमीटर नुसताच दोरा सोडायचा. टाका लांब ठेवा, चार मिलिमीटरच्या आसपास. बारीक टाक्यांची भोकं इतकी जवळ पडतात की तिकिटासारखी पताका त्या रेषेवर फाटते. कागदाने सुई बोथट होते, म्हणून कापडाची सुई काढून जुनी लावा.

आता झोळ. माळ ताणून सरळ लावायचा मोह होतो, पण त्यानेच ती पडते. तीन मीटर अंतरावर ४५ ग्रॅमची माळ मध्ये ३० सेंटिमीटर झुकवून लावली तर प्रत्येक टोकाला ओढ येते सुमारे ६० ग्रॅमची. तीच माळ ताणून झोळ पाच सेंटिमीटरवर आणला की ओढ होते ३४० ग्रॅमच्या आसपास. वजन तेच, टेपवरचा भार मात्र पाचपटीहून जास्त. रात्रीतून सुटणाऱ्या टेपचं कारण बहुधा हेच असतं. आणि ३० सेंटिमीटर झोळासाठी दोरा जास्त लागतो तो फक्त आठ सेंटिमीटर. ६० सेंटिमीटर झोळ हवा असेल तर सुमारे ३०. दोन्ही टोकांना बांधायला ४०-४० सेंटिमीटर सोडा, म्हणजे एकूण सव्वाचार मीटर दोरा घेतला की निश्चिंत.

पेटती ज्योत आणि तापणारे बल्ब यांपासून माळ दूर ठेवा. सोबत दिवे हवेच असतील तर फारसे न तापणारे एलईडी घ्या.

दर ऋतूला नवी माळ की एकच कायमची?

खरा निर्णय मला इथे वाटतो. दर ऋतूला वेगळी माळ करण्यात मजा आहे, पण हौस दुसऱ्या-तिसऱ्या ऋतूला ओसरते आणि भिंत रिकामी राहते. त्यापेक्षा खाकी किंवा फिकट कार्डशीटच्या सोळा पताकांची एकच पक्की माळ करा, शक्यतो शिवून. प्रत्येक पताकेच्या वरच्या भागात दोन सेंटिमीटरची आडवी चीर पाडा. ऋतूचं चित्र वेगळ्या कागदावर कापायचं, त्याला वर एक छोटी जीभ ठेवायची आणि ती चिरेतून मागे घालायची. वसंतात कोवळी पानं, उन्हाळ्यात सूर्य, पावसात थेंब आणि छत्र्या, पानगळीत तांबूस पानं, थंडीत सहा भुजांचे हिमकण. गोंद नाही, पिना नाहीत, माळ खाली उतरवायचीही गरज नाही. रंगीत चित्रं छोटी असल्याने उरलेल्या चिंध्यांतूनही होतात.

ज्यांना खिडकीच सजवायची आहे त्यांना हे चालणार नाही. तिथे दर वेळी नवी जाळी कापावी लागेल, आणि ती कापण्याइतकी हौस असेल तर कापावीच. भिंतीच्या माळेला तो उजेड कधीच मिळत नाही.

ठेवताना पताकांची माळ गुंडाळू नका. एकीवर एक अशा सगळ्या पताका रचून, मधला दोरा बाजूला लोंबू देऊन, सपाट पाकिटात ठेवा. दोरा लांब असेल तर पुठ्ठ्याच्या तुकड्यावर वेढून घ्या, नाहीतर गाठी सोडवताना पताका फाटतात. जाळीच्या प्रत्येक तुकड्यामध्ये साधा कागद घाला, म्हणजे भोकं एकमेकांत अडकत नाहीत. पंखे मिटून, रबर न लावता, पट्टीत गुंडाळून ठेवावेत. चित्रांसाठी ऋतूगणिक एक पाकीट पुरतं. पाकिटावर ऋतूचं नाव घालून ते माळेबरोबरच ठेवा.